उणे वीस

कोण रे तो मोबाईल चमकवतोय? ठेव खिशात. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर झोपा जाऊन. आणि उद्या सकाळी 'काका, खरंच का हो?' म्हणत माझं डोकं खायचं नाही. जिची ही गोष्ट, ती बाई आमच्याच काटे दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे, आजही. तिनं मला सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगतोय. मीठमसाला माझा नाही.

गेल्या वर्षी, शाळा उघडायच्या आदल्या दिवशीचा रविवार. एका खडी कारखान्यातला वजनकाटा बिघडला. भरलेले ट्रक चढतात ना, तो जमिनीतला मोठा काटा. मी तिला म्हटलं, "एका दिवसाचं काम आहे, जाऊन या." तिनं तोंड वाकडं केलं. "काका, उद्या लेकीची शाळा. मी नसले की पोरगी झोपत नाही, सासूबाईंना नुसता वैताग आणते." पण गेली बिचारी. आमची व्हॅन घेऊन, एकटीच.

काम कसलं, डोकेदुखी! एक वायर जोडावी तर दुसरी तुटलेली. वर मालकाचा हुकूम, काटा चालू झाल्याशिवाय हलायचं नाही. दिवसभरात चहा काय तो पोटात. रात्री दहाला सासूबाईंचा फोन. "अगं, अजून खिडकीतच बसलीय ही. किती समजावलं, ऐकेल तर शपथ!" ती म्हणाली, "निघालेच." निघाली कुठली! पण आईला असं बोलावंच लागतं.

शेवटी काटा चालू झाला. आवारात चिटपाखरू नाही. काटा रिकामा. आणि आकडा दिसतोय... वीस.

वीस किलो. तिनं काटा झाडला. कडेला अडकलेली खडी काढली. परत बघितलं. वीसच.

अशा वेळी आम्ही झिरो मारतो. बटण दाबलं की असलेलं वजन काटा शून्य धरतो. पण आधी काटा मोकळा आहे याची खात्री करायची. खालून, वरून, चारी बाजूंनी. नवख्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच घोकायला लावतो. कारण वर काही असताना झिरो मारलात, तर काट्याच्या लेखी ते नसतंच मुळी.

काट्याखालच्या खड्ड्यात उतरून बघायचं राहिलं होतं. पण डोळ्यांसमोर ती खिडकी. जीव नुसता घराकडे ओढ घेत होता. तिनं झिरो मारला. शून्य आलं.

व्हॅनचं मागचं दार उघडून तिनं हत्यारांची पेटी आत ठेवली. सहज वळून काट्याच्या आकड्याकडे बघितलं.

उणे वीस.

अरे, शेंबड्या पोरालाही कळेल. झिरो मारताना काट्यावर जे होतं... ते आता उतरलं होतं.

आणि तिच्या पाठीमागे व्हॅन जराशी दबली. कुणी चढलं की दबते, तशी.

आत पेटी. दुसरं काही नाही. तिनं दार लावलं. फाटकावर रखवालदार हसत आला, "झालं का काम, ताई?" मग त्याची नजर व्हॅनच्या मागच्या काचेकडे गेली. हसू गेलं. त्यानं फाटक उघडलं, आणि दूर सरकला.

तिनं आरशात बघितलं नाही. एकदाही नाही. वळणावर पेटी सरकायची... आणि कुणीतरी धरल्यासारखी थांबायची.

घराखाली गाडी लावली, पण उतरेना. मनात एकच, माझ्यामागून हे घरात नको. माझ्या पोरीपर्यंत नको. मागे वळून हळूच म्हणाली, "तू इथंच राहा हं."

...

व्हॅन हलली. हलकी झाली.

वरच्या खिडकीतून लेकीचा आवाज आला. "आई! या ना वर!"

तुम्ही आईला काय म्हणता रे? ये म्हणता ना? ती पोरही जन्मापासून ये म्हणायची. त्या रात्री म्हणाली... या.

ती धावत जिना चढली. पोरीला घट्ट धरलं, दार लावलं. "कुणाला या म्हणालीस गं?" पोर अंथरुणावर जाऊन आडवी झाली... आणि भिंतीकडे सरकून घेतलं. शेजारी दोघींपुरती जागा ठेवून.

आता म्हणाल, दमलेल्या बाईला झाले असतील भास. मीही तिला तेच म्हटलं. पण पहिल्याच आठवड्यात शाळेत पोरांची वजनं झाली. शाळेनं काटा आमच्याकडे दुरुस्तीला पाठवला. तक्रार काय, तर बाकी सगळ्यांचं वजन बरोबर येतं, हिच्याच लेकीचं वीस किलो जास्त दाखवतो.

काटा मी स्वतः उघडला. खालून, वरून, चारी बाजूंनी बघितला.

काट्यात काही बिघाड नव्हता.