लिफाफ्यातला डाव

१९८३च्या डिसेंबरातला रविवार, सकाळचे दहा. वाशीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये नंदकिशोर अर्धवट राहिलेला डाव पुरा करायला आला, तो जवळजवळ नाचतच. जिंकला तर बुद्धिबळाच्या जिल्हा संघात जागा पक्की, आणि त्या जागेसाठी हा पठ्ठ्या नऊ वर्षं झुरत होता.

समोरची खुर्ची रिकामी होती. उरणजवळच्या मोरा बंदराचा रशीद अजून यायचा होता. काल पांढरी मोहरी त्याची. वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवून त्याने नेहमीची सुरुवात केली. संध्याकाळी वेळ संपली तेव्हा पुढची चाल कागदावर लिहून लिफाफ्यात बंद केली आणि उरणची एसटी पकडली. तेव्हा रीतच तशी होती.

पंच दिनानाथसरांनी लिफाफा फोडला. हॉलच्या खिडक्या बंद होत्या, तरी खाडीच्या चिखलाचा खारट वास दरवळला.

चाल होती घोड्याच्या बळीची! नंदकिशोर आनंदाने शहारला. वीस मिनिटं डोकं खाजवून त्याने उंट मागे घेतला.

सर कागदाकडे बघतच राहिले. "नंदू... तुझा उंटही लिहिलाय रे इथे. रशीदची त्यापुढची चालही आहे."

"वाचा ना, सर."

"गप्प बसून राहा. तासाभरात तो आला नाही, तर डाव तुझाच."

पण ज्याला खाज असते तो गप्प बसतो होय? सर वाचत गेले, पांढरी मोहरी हलवत गेले. नंदकिशोरचं प्रत्येक उत्तर आधीच लिहिलेलं होतं. भ्यायचं सोडून तो हरखला होता, असा डाव तो जन्मात खेळला नव्हता. मुद्दामच त्याने वजीर उगाच कोपऱ्यात नेऊन ठेवला.

"हेही आहे..." सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

तेवढ्यात रशीदचा धाकटा भाऊ झहूर दारात आला. "भाईची वाट नका बघू. काल राती एसटीतून उतरला आन् थितंच बसला... उठलाच नाय."

सरांनी कागद पटाशेजारी ठेवला. मग सर हळूच म्हणाले, "नियमाने जागा तुझी, नंदू."

नंदकिशोरने पट पाहिला. तीन चालींत मात होती, सुटका नव्हती. त्याने कागद ओढून घेतला. शेवटच्या ओळीत 'काळ्याने डाव सोडला' असं होतं आणि खाली दोघांच्या सह्या. आपली सही त्याने लगेच ओळखली. तिच्यावरून अंगठा फिरवला तर शाई ओली होती.

"सर, हरलो मी," तो म्हणाला. त्याचं पेन खिशातच होतं, टोपण लावलेलं.