गोदूबाई तापून राहिली

त्या रविवारी सकाळी मार्तंड परातेला मिळवायचं होतं ते फक्त बादलीभर पाणी. डॉक्टर सुहासिनी आगाशेला मिळवायचा होता एक रोगी. कुठलाही चालला असता, फक्त जिवंत असावा. व्यवहार इतका सरळ होता की दोघंही पाच मिनिटांत मोकळे व्हायला हवे होते. झाले नाहीत. कारण दोघंही मराठी बोलत होते. पण एकाची नागपूरची आणि एकीची पुण्याची.

पंचावन्न सालचा जानेवारी. नागपूर सोडून अमरावतीचा रस्ता शेतात शिरतो तिथे वाडी लागते. तिथला सरकारी दवाखाना दिवाळीतच उघडला होता. टेबल नवं, तपासायची नळी नवी, डॉक्टरही नवी. गाव तिला लांबून बघून जात होतं. एवढीशी पोरगी, हिलाच अजून कोणीतरी औषध पाजावं असं बायकांचं मत पडलं होतं. दवाखान्यातली दाई प्रयागबाई रोज उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायची, आणि तेच तिथलं मुख्य काम होतं.

तेवढ्यात दारात एक उंच, सावळा तरुण येऊन उभा राहिला. हाताला काळं तेल, कपाळाला घाम, चेहऱ्यावर घाई.

"बाई, जरा मदत पाहिजे होती. गोदूबाई तापून राहिली."

सुहासिनी ताडकन उठली. तापून राहिली... म्हणजे बिचारी किती दिवसांपासून तापात पडून राहिली असेल!

"केव्हापासून?"

"नेहमीचंच आहे तिचं. पाच-सहा मैल झाले की तापते."

"एवढं चालतात त्या? वय काय?"

"सत्तावीस-अठ्ठावीस."

"थंडी वाजते?"

"सकाळी तर लय! हलवल्याशिवाय उठतच नाही."

"खोकला?"

"खोकते ना. आणि धूर सोडते."

सुहासिनीनं भुवया आवळल्या. "विडी ओढतात?"

तो गोंधळला. "नाही जी... तेल पिते."

सुहासिनीनं बॅग उचलली. "आहेत कुठे त्या?"

"ते काय, रस्त्यावर उभी आहे."

"तापानं फणफणलेल्या बाईला तुम्ही उन्हात उभं केलंत?"

आणि ती तरातरा निघाली. रस्त्यावर बाई नव्हती. कडुनिंबाखाली एक जुनीपुराणी उघडी मोटार उभी होती. चाकांना लाकडी आरे, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे, नाकातून वाफेचा फवारा. नळी गळ्यात अडकवलेली सुहासिनी तिच्यासमोर थांबली. मागून प्रयागबाई पदरात तोंड लपवून हसत होती.

"हीच गोदूबाई," मार्तंड कसंबसं म्हणाला. "पाणी पाहिजे होतं, डाक्टरीणबाई."

सुहासिनीचे कान लाल झाले. मग तिनं वळून, अगदी डॉक्टरी आवाजात हुकूम सोडला. "प्रयागबाई, रोग्याला बादलीभर पाणी आणा."

आणि तीही हसली. मार्तंडला पाणी मिळालं होतं, आता जायला हरकत नव्हती. पण त्यानं ती बादली इतक्या सावकाश ओतली की प्रयागबाईनं तिथल्या तिथे काय ते ओळखलं.

*

मार्तंड बांधकाम खात्यात रस्त्यांचे नकाशे काढायचा. घर नागपुरातल्या महाल भागातलं, मूळ उमरेडचं, कोष्ट्यांचं. आईचा माग अजून चालू होता. गोदूबाई त्याला मिळाली ती बाबनराव मालगुजारांच्या गुरांच्या कोठ्यातून. जमिनीची मालगुजारी कायद्यानं गेली तसा बाबनरावांचा मोटारीचा शौकही गेला, आणि गाडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. "तुले चालवता आली तर घेऊन जा गा, फक्त कोंबड्या ठेवून जा," ते म्हणाले होते. गोदूबाई हे त्यांच्या आत्याचं नाव. तीही मर्जी असली तरच चालायची, आणि प्रत्येक थांब्याला पाणी मागायची.

पुढच्या रविवारी गोदूबाई पुन्हा बरोबर दवाखान्यासमोर तापली. त्याच्या पुढच्याही. चौथ्या रविवारी ती न तापताच थांबली, आणि मार्तंड तरीही बादली घेऊन आत आला.

"खडगावकडे जाऊन राहिलो," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "तिकडच्या वस्त्यांत कोणी आजारी असलं तर... म्हणजे तुम्हाले पाहायचं असलं तर..."

"आहे का कोणी आजारी?"

"शोधू ना."

सुहासिनी पुढे बसली. सीटचं कातडं केव्हाच फाटलं होतं. त्यावर मार्तंडच्या आईनं मागावर विणलेलं, रुईफुली काठाचं जाड कापड ताणून बसवलं होतं. मागे प्रयागबाई, मांडीवर पाण्याचा डबा. तिला या फेऱ्यांत काय मिळायचं ते विचारू नका. आयुष्यभर पायी हिंडलेली बाई मोटारीत बसून शेजारणींच्या दारावरून जात होती, यातच सगळं आलं.

मार्तंडनं पक्का रस्ता लगेच सोडला. गोदूबाई बैलगाडीच्या चाकोरीत उतरली आणि डुलत डुलत लाव्हा गावाच्या वाटेनं खडगावकडे निघाली. दोन्हीकडे संत्र्यांच्या बागा, मध्ये तुरीची वावरं, मोटारीबरोबर पळून थकलेली कुत्री. एक म्हातारा सायकलवरून आला, रामराम करून पुढे निघून गेला.

"सायकलसुद्धा पुढे गेली!" सुहासिनी म्हणाली. "पक्क्या रस्त्यानं गेलो असतो तर एव्हाना पोचलो असतो."

"हो ना."

"मग?"

"मग परत यावं लागलं असतं."

तिनं वाऱ्यानं सुटलेली बट उगाचच तीनदा कानामागे सारली. मागून प्रयागबाईचा आवाज आला, "रस्त्याकडे पाहा गा बाबू. बट कुठं पळून नाही राहिली."

आजारी माणसं खरंच सापडली. खडगावला एका आजोबांचा डोळा, पुढच्या वस्तीत बाळाचा खोकला. मोटारीतून उतरलेली डॉक्टरीण पाहिली की लोकांना ती मोठी वाटायची. पण परतताना दोघंही रस्ता अजून लांबचा शोधायचे. कधी बंधाऱ्यावरून, कधी पळसांच्या रांगेतून. पळस तेव्हा नुकते पेटू लागले होते.

या फेऱ्यांत एक गंमत सुरू झाली. सुहासिनी त्याच्या 'राहिलो'ला चिडवायची.

"येऊन राहिलो, खाऊन राहिलो... तुम्ही सगळीकडेच कसे राहता हो?"

"मग तुम्ही कसं म्हणता?"

"येतो आहे. खातो आहे."

"किती घाई तुम्हाले पुण्यात!" तो म्हणायचा. "आमचं जरा थांबून राहते."

वरवर असं भांडण, आणि आतून दोघांनीही दुसऱ्याचा माल आपल्या दुकानात भरायला सुरुवात केली होती. मार्तंड दाढी करताना आरशासमोर 'मी येत आहे, मी जात आहे' घोकायचा. सुहासिनी प्रयागबाईकडून 'का'ऐवजी 'काहून' आणि 'मला-तुला'ऐवजी 'मले-तुले' शिकायची. दोघांनीही एकमेकांना सांगितलं मात्र नाही. तोटा झाला तो इथे.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी आभाळ एकाएकी काळंनिळं झालं आणि गारा आल्या. मार्तंडनं गाडी बागेच्या कडेला घेतली, टप ओढला. ताडताड आवाजात बाकी सगळं बुडून गेलं. टपाला भोक होतं, नेमकं सुहासिनीच्या डोक्यावर. मार्तंडनं आपली टोपी त्या भोकाखाली हातानं धरली. हात तिच्या खांद्याच्या इतक्या जवळ की तिला त्याच्या बाहीचा ओला वास आला... पेट्रोलचा, आणि थोडा संत्र्याच्या सालीचा.

"हात दुखेल," ती हळूच म्हणाली.

"नाही दुखत."  मग तो, अगदी जपून, शब्द लावत म्हणाला, "मी... काही दिवसांपासून... एक विचार करत आहे."

ते 'करत आहे' ऐकून तिला हसूच फुटलं. "अहो, करून राहिलो म्हणा!"

तोही हसला. टोपीत साठलेल्या गारा ओतून टाकल्या. विचार त्यांच्याबरोबर विरघळला. मागे झोपेचं सोंग घेतलेल्या प्रयागबाईनं कपाळावर हात मारला.

*

मार्चात पुण्याहून आईचा निरोप आला. मुलगा बघून ठेवला आहे, तू ये. सुहासिनीनं मनाशी ठरवलं की चार दिवस जायचं, समोरासमोर नाही म्हणायचं, परत यायचं. पण त्याआधी एक गोष्ट ऐकायची होती. मार्तंडच्या तोंडून, एकच शब्द. 'काहून?' त्यानं एवढं विचारलं की पुढचं सगळं ती सांगणार होती. आणि त्याला खूश करावं म्हणून तिनं तो निरोप शिकलेल्या नागपुरीत द्यायचं ठरवलं.

खडगावच्या वाटेवर, पळस पार लाल झालेले असताना, ती ऐटीत म्हणाली, "येत्या शुक्रवारी मी पुण्याला जाऊन राहणार आहे."

गोदूबाई गचका खाऊन थांबली.

"जाऊन... राहणार?"

"हो." वाक्य जमलं या आनंदात ती. "आईनं मुलगा पाहिला आहे."

"ठरलं?"

"जायचं ठरलं."

त्याचे हात चाकावरून ढळले नाहीत. तो समोरच्या पळसाकडे बघत राहिला. तिनं वाट पाहिली. एक बैलगाडी आली, गेली.

"चांगलं आहे," मार्तंड म्हणाला. शुद्ध, स्वच्छ, पुस्तकी. "फार चांगलं आहे."

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. धूळ गेली, असं ती म्हणाली. आणि गोदूबाई पहिल्यांदाच सरळ, जवळच्या, पक्क्या रस्त्यानं वाडीला आली.

त्याच आठवड्यात मार्तंडनं गाडी देऊन टाकली. महालातले बँडवाले महादेवराव वरातीसाठी ती केव्हापासून मागत होते. "मले आता तिचा उपयोग नाही," एवढंच तो म्हणाला. महादेवरावांना मात्र ती चालू होईना. हँडल फिरवून त्यांचा खांदा उतरायला आला. बॉनेटवर डाव्या बाजूला चापट मारून, हळू आवाजात तिची समजूत घातल्याशिवाय गोदूबाई बधत नाही, हे त्यांना कुठे ठाऊक! शेवटी मार्तंडनंच लग्नसराईपुरतं चालवायचं कबूल केलं. दुसऱ्यांचे नवरदेव बोहल्यापर्यंत पोचवायचे, हे काम त्याच्या तेव्हाच्या मनाला शोभणारंच होतं.

इकडे पुण्यातला मुलगा खरोखर चांगला होता. त्याच्याकडे नवी मोटार होती. त्यानं सुहासिनीला आईसकट खडकवासल्याला नेलं. रस्ता गुळगुळीत, वेग झकास. चुटकीसरशी पोचले. आणि मग... परत यावं लागलं. सुहासिनी सगळ्या वाटेनं खिडकीबाहेर बघत होती, एखादी सायकल आपल्याला मागे टाकते का म्हणून.

रात्री तिनं आईला नाही म्हटलं. "नागपुरात कोणी आहे," असंही म्हटलं. आईनं आधी जात विचारली, मग नोकरी, मग नाव. पहिल्या उत्तरानंतर बाकीची तिनं ऐकलीच नाहीत.

"आणि त्यानं तुला विचारलं तरी आहे का?"

याचं उत्तर नागपुरात होतं. ते आणायला सुहासिनी परत आली.

रविवार उजाडला, गेला. मोटार नाही. पुढच्या रविवारी तिनं उंबऱ्यात बसलेल्या प्रयागबाईला विचारलंच, "ते का येत नाहीत हो?"

"कसा येईन तो? तुम्हीच सांगितलं त्याले, बिऱ्हाड हलवून राहिली म्हणून."

"मी? मी कधी?"

"मी मागं बसली होती ना वं बाई! जाऊन राहणार म्हणाल्या. म्हणजे तिकडंच राहणार, नांदणार."

"अहो, मी नागपुरी बोलत होते!"

प्रयागबाईच्या हातातलं सूप खाली आलं. "असं नागपुरी कोण बोलते वं? जाऊन राहिली, असं म्हणा, नाहीतर सरळ जाणार म्हणा. आम्हाले वाटलं, तुम्ही पुण्याचं बोलून राहिल्या."

सुहासिनी आत जाऊन बाकावर बसली. एका 'राहणार'वर तिचं अख्खं आयुष्य राहून जात होतं.

आणि तेव्हाच रस्त्यावरून बँडचा आवाज आला. झेंडूच्या माळांत, रंगीत कागदांत बुडालेली एक मोटार डुलत आली. मागच्या सीटवर बाशिंग बांधलेला नवरदेव, पायांत करकरीत नवे जोडे. लग्न खडगावला होतं. महालापासून वाडी किती मैल, हे गोदूबाईला पाठ होतं. ती दवाखान्यासमोर आली, खोकली, फुस्स केलं आणि थांबली.

मार्तंड बादली घेऊन मान खाली घालून आला. "प्रयागबाई, पाणी पाहिजे..."

"काहून?" आतून आवाज आला. "कोण तापून राहिलं?"

बादली हातातून सुटली, पायरीवरून गडगडत खाली गेली. दारात सुहासिनी उभी होती.

"तुम्ही... पुण्याला राहणार होत्या ना?"

"गेले होते. नाही म्हणायला."

"त्या मुलाले?"

"त्यालाही, आईलाही. आणि तुम्ही एकदा 'काहून' म्हणाला असता तर तिथल्या तिथे सांगितलं असतं. 'फार चांगलं आहे' म्हणे!"

  मग ती एक पायरी उतरली आणि खालच्या आवाजात म्हणाली,

"आता मी येऊन राहिले."

मार्तंडच्या कपाळावर आठी पडली. या वेळी त्याला चुकायचं नव्हतं.

"येऊन राहिले... म्हणजे, आमचं का तुमचं? आमचं असंल तर नुसती आलात. तुमचं असंल तर... आलात, आणि राहिलात."

"तुम्हाले कोणतं पाहिजे?" तिनं विचारलं. 'ले' अगदी अचूक लागला.

मार्तंडनं आरशासमोर घोकलेलं सगळं गोळा केलं.

"मला," तो म्हणाला, "पुण्याचं हवं आहे."

"मग तेच," ती म्हणाली.

रस्त्यावरून महादेवराव ओरडत होते, "अगा मार्तंड, मुहूर्त टळून राहिला ना बाप्पा!" पण पाणी आणायला गेलेला माणूस पायरीवर बसला होता. शेजारी डॉक्टरीण. पाणी आणायची शुद्ध दोघांनाही नव्हती, आणि प्रयागबाईनं बादली पायाखाली दाबून धरली होती.

*

आता कोणाला काय मिळालं आणि कोणाच्या खिशातून गेलं, ते बघू. मार्तंडला सुहासिनी मिळाली. सुहासिनीला मार्तंड, आणि नागपुरीचं व्याकरण. महादेवरावांनी त्याच संध्याकाळी हात जोडून गोदूबाई परत केली. पुण्याच्या आईनं दिवाळीपर्यंत अबोला धरला. मग एकदा बघून जाते म्हणून आली, आणि लाव्ह्याच्या वाटेवर सायकलवाला पुढे गेला तेव्हा मोठ्यानं हसली. म्हणजे तिचंही फिटलं.

खरी किंमत मोजली ती त्या नवरदेवानं. बिचारा बाशिंग सांभाळत, नव्या जोड्यांत, भर उन्हात खडगावपर्यंत पायी गेला. तिसऱ्या दिवशी तो नवी नवरी सोबत घेऊन, लंगडत वाडीच्या दवाखान्यात आला. दोन्ही टाचांना फोड. स्वतःच्या पायानं चालत आलेला, सुहासिनीचा पहिला रोगी.