तरत्या पुलाची पिन

पिन चोरीला गेली म्हणून कुणी तपासनीस बोलावतं, हे ऐकून बबनरावांना हसू आवरेना. चिखलीतली जमीन विकल्यापासून त्यांच्याकडे मोठी गाडी होती आणि रिकामा वेळ त्याहून मोठा. म्हणून खासगी तपास करणाऱ्या आम्रपालीला ते हौसेनं सगळीकडे फिरवत. चाकणच्या कारखान्यात पोचल्यावर कळलं, की ही पिन मनगटाएवढी जाड आणि हातभर लांब आहे. मग ते हसायचे थांबले.

मालक रणजीत धुमसत होता. "कोकणातल्या खाडीवरचा जुना धक्का पाडून नवा बांधायचाय. पण पलीकडच्या गावांची बोट एक दिवसही थांबायची नाही. म्हणून शेजारी हा तरता पूल. भरती-ओहोटीला तो वरखाली होणार, तो या बिजागरीवर. तिची स्टीलची पिन काढून कुणीतरी साध्या लोखंडाची घातलीय. संध्याकाळी बंदराचे साहेब तपासायला येतायत. पूल नापास झाला तर बोट बंद."

"मंग पल्याडची पोरं शाळेत कशी जायची?" बबनराव म्हणाले.

"तेच तर. गोदामाची किल्ली विलासकडे असते. संध्याकाळपर्यंत पिन मिळाली नाही, तर त्याला काढणार आणि पोलिसांत देणार."

आम्रपालीनं आधी फाटकावरचा कॅमेरा पाहिला. कालपासून एवढी जड वस्तू बाहेर गेलेली नव्हती.

पुलाचा आराखडा करणारी पूनम काळजीत होती. "बदल मलाच दिसला. काल नवमी लागल्यावर अवजारांची पूजा झाली. सरांच्या आईंनी, शालनमावशींनी, पुलावरही पाणी शिंपडलं. आज बघते तर पिनेवर तांबूस ठिपके. खाऱ्या पाण्यात लोखंड टिकणार नाही, म्हणून तर मी स्टीलसाठी सरांशी भांडले होते."

"मग ही लोखंडाची कुठली?"

"जुळणी बघण्यापुरती केलेली. गोदामात पडून होती."

गोदाम सांभाळणारा विलास मान वर करेना. "चोरी केली नाही, ताई. सरांना एवढंच सांगा, उद्या सकाळपर्यंत थांबा."

"उद्या सकाळी काय होणार?"

विलास किल्ल्यांचा जुडगा चाळवू लागला. बबनराव आम्रपालीच्या कानाशी लागले. "ह्योच चोर. बघा कसा घामाघूम झालाय."

शेडच्या कोपऱ्यात लाल कापडावर पूजा मांडली होती. रणजीतची आई शालनबाई समईत तेल घालत होत्या. बबनरावांनी चपला काढल्या, डोळे मिटले, हात जोडले. आम्रपालीनंही चपला काढल्या. तिच्या घरी बुद्धवंदना होई, अवजारांची पूजा नसे. म्हणून ती नवलानं एकेक वस्तू न्याहाळत राहिली. पान्यांवर, हातोड्यांवर तांबूस ठिपके उठले होते. मधे झेंडूत बुडालेला एक दांडा तेवढा लखलखत होता.

"मावशी, छान मांडलीय."

"व्हय गं. समदी माझ्या हातानं. कुणाला बोट लावू दिलं न्हाई. उद्या दसऱ्याला उठवायची, तवर हलवायची न्हाई."

"पाणी सगळ्यांवर शिंपडलंत?"

"एक सोडलं न्हाई."

आम्रपालीनं सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"चोर पिन नेतो आणि चालता होतो," ती म्हणाली. "या चोरानं पूल पडू नये म्हणून दुसरी पिन बसवली. म्हणजे त्याला पुलाची काळजी होती. वस्तू फाटकाबाहेर गेली नाही, म्हणजे इथेच आहे. विलासभाऊ उद्या सकाळपर्यंत थांबायला सांगतात. उद्या सकाळी इथून काय उठणार? ही पूजा. काल सगळ्यांवर एकच पाणी पडलं. पुलावरच्या पिनेवर ठिपके, पान्यांवर ठिपके. इथली एकच वस्तू गंजलेली नाही."

सगळ्यांच्या नजरा झेंडूकडे गेल्या.

"आणि पूजेला दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं नाही. होय ना, मावशी?"

शालनबाईंनी पदर सावरला. "मीच मागितली. त्या पुलावरनं लेकरं चालनार, खाली पानी. ज्याच्यावर समदा भार, त्यालाच देवीम्होरं बसवावं म्हनलं. रणजीत पूल खोलू देनार न्हाई, म्हनून इलासला शपथ घातली. आज बोलले असते, तर ह्यानं पूजा मोडली असती."

"आई, विलासची नोकरी जाणार होती."

शालनबाईंचा चेहरा उतरला. "मला कुनी सांगितलं?" त्या विलासकडे वळल्या. "आन तू रं? शपथ धरून गप बसलास व्हय?"

विलास पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला.

शालनबाईंनी पिनेवर अक्षता टाकल्या आणि ती दोन्ही हातांनी उचलली. रणजीत पुढे झाला, पण त्यांनी ती विलासच्या हातात दिली. "मानसाचं पोट मोडून देवीला कशाला बसवून ठिवू? जा, बसव." रणजीतनं मुकाट्यानं पान्यांचा डबा उचलला आणि विलासच्या मागून पुलाकडे गेला.

संध्याकाळी साहेबांनी पूल पास केला. पिनेवर हळदीचं बोट दिसलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे काय?"

"जादा सुरक्षा," पूनम म्हणाली.

परतताना देहूरोडपर्यंत बबनराव विचारात होते. मग म्हणाले, "ताई, मी पाया पडलो तवा तुमी काय करत हुता?"

"बघत होते, काका."

पुढच्या वेळी एकच डोळा मिटायचा, असं बबनरावांनी मनाशी ठरवून टाकलं.