मागचं दार

गाडीच्या रंगावर दगडासारखा कडक झालेला गोंद काढावा तर पॉलिशमामानंच, असं सगळे म्हणत. त्याचा हात हलका होता आणि घाई त्याच्या स्वभावात नव्हती.

त्या दुपारी एक बाई पांढरी गाडी घेऊन आल्या. पुढच्या सीटवर त्यांची म्हातारी आई, पाय अवघडून बसलेली. मागच्या दोन्ही दारांच्या फटींत, वरपासून खालपर्यंत, काच बसवायचा काळा गम भरला होता. रंगावर ओघळून तो तिथंच वाळला होता.

"हे कुणी केलं?"

"भावानं. गेल्या महिन्यात तो गेला. गाडी चालवतानाच हृदय बंद पडलं." बाई आईला उतरवून चाकाच्या खुर्चीत बसवत होत्या. "डावं दार तरी मोकळं करा. हिला मागे बसवायचंय."

"कुलूप बिघडलं होतं?"

"कुलपाला काही झालं नव्हतं."

व्यक्ती तितक्या प्रकृती, असं मनात म्हणत मामानं गरम हवेचं मशीन लावलं. गम नरम झाला की प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून तो अलगद सोलायचा, मग तेलाचा बोळा फिरवायचा. रंगाला ओरखडासुद्धा पडत नव्हता.

पण गमाखाली गमच निघत राहिला. थरावर थर. आधीच्याला तडा गेला म्हणून प्रत्येक वेळी नवा भरलेला. आणि सगळे तडे बाहेरच्या बाजूला फुगलेले.

"मागे कोण बसायचं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. तो एकटाच असायचा."

आत खट्ट वाजलं. दाराची आतली कडी ओढल्यासारखं. मामानं काचेतून पाहिलं. सीट रिकामी होती.

"पत्रा तापला की बोलतो," तो म्हणाला. बाईंनी मान हलवली, पण गाडीपासून दोन पावलं मागे सरकल्या.

गमाचा शेवटचा थर सुटला. मामानं हात लावायच्या आधीच दार बोटभर उघडलं. आतून ऊब आली. माणसाच्या अंगाची असते तशी.

"बाई, आज राहू द्या."

"राहू द्या म्हणजे? संध्याकाळी हिचं डायलिसिस आहे. एक चुकलं तर काय होतं, मागच्या वेळी बघितलंय मी."

त्यांनी ओठ घट्ट मिटले, दार पूर्ण उघडलं आणि खुर्ची जवळ आणली. आईनं वाकून आत पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, इथं कुणीतरी बसलंय. जरा सरकायला सांग."

मामानं वाकून आत पाहिलं.

सीटची गादी मधोमध दबलेली होती. तो खळगा हळूच, सांगितलेलं ऐकल्यासारखा, पलीकडे सरकला.

अलीकडे आईपुरती जागा झाली होती.