शिट्टीवाल्याचा कोट

हे खरं घडलेलं आहे, माझ्या धाकट्या मामांच्या बाबतीत. आणि मामा तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे नळ दुरुस्त करून त्यांच्यात तेवढा उत्साहच उरलेला नाही.

मामा एका मोठ्या हॉस्पिटलात देखभालीच्या कामाला होते. नळ, दिवे, दारांच्या कड्या, सगळं त्यांच्याच गळ्यात. आवाराच्या टोकाला दोन खोल्यांचं क्वार्टर. मामींचे गुडघे कामातून गेलेले. निवृत्ती जवळ आली होती आणि मामांना एवढंच हवं होतं की संध्याकाळी दारात खुर्ची टाकून जरा शांत बसायला मिळावं.

पण संध्याकाळी कावळे यायचे.

दिवस कलला की आधी पाण्याच्या टाकीवर जमायचे. चहूबाजूंनी येतच राहायचे. मग त्यातला कुणीतरी एक उठायचा, आणि अख्खा थवा त्याच्यामागे फाटकाजवळच्या झाडांवर उतरायचा. त्या कलकलाटानं पेशंटांना काव आणला होता. व्यवस्थापकांनी मामांना बोलावलं आणि काहीही करा पण यांना हलवा, असं सांगितलं.

या कामाची एक जुनी रीत आहे. मेलेला कावळा हातात धरून झाडांखालून फिरायचं. कावळे आकांत करतात, जागा धोक्याची समजतात आणि सोडून जातात. पण तो धरणाऱ्याला ते विसरत नाहीत. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनाही बाकीचे दाखवून देतात, की हाच तो. म्हणून हे काम कुणी स्वतःच्या कपड्यांत करत नाही.

वॉचमनच्या केबिनमध्ये खुंटीवर एक जुना खाकी कोट आणि टोपी लटकत होती. ती शिट्टीवाल्याची. हा म्हातारा वॉचमन रोज संध्याकाळी तोंडानं शिट्टी वाजवत आवाराला फेरी मारायचा. कुणी बस म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "फेरी झाली की बसतो." गेल्या थंडीत तो फेरीतच कोसळला. बसायचं राहूनच गेलं.

मामांनी तो कोट चढवला, टोपी घातली, नाकावर रुमाल बांधला. मामींना ते आवडलं नाही.

"मेलेल्या माणसाला कावळ्यांचा काय त्रास?" मामा म्हणाले.

तीच चूक झाली.

कावळे गेले. कोट परत खुंटीवर गेला. काही संध्याकाळी शांत गेल्या आणि मामांचा जीव भांड्यात पडला.

मग एके दिवशी टाकीवर पुन्हा थवा जमला...

पण तो झाडांवर उतरला नाही. फाटकाशी, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर घिरट्या घालू लागला. एकेक कावळा झेपावून खाली चोच मारत होता.

खाली कुणीच नव्हतं.

मामांनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं. कोट खुंटीवरच होता.

थवा सरकू लागला. माणसाच्या चालीनं. भिंतीच्या कडेनं बॉयलरच्या खोलीपर्यंत आला आणि थांबला. शिट्टीवाला तिथं थांबून कुलूप ओढून बघायचा...

कुलूप वाजलं.



व्यवस्थापकांना सांगितलं तर ते हसले. कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही, म्हणाले. मामांनी गुपचूप कोट बॉयलरमध्ये जाळला. उपयोग शून्य. रोज संध्याकाळी ती फेरी निघायची. फक्त चाल हळू होत गेली. थवा जागोजागी थांबायला लागला, खाली कुणाला तरी धाप लागावी तसा.

आणि एक दिवस तो फाटकाकडे वळायच्या ऐवजी क्वार्टरकडे वळला.

मामा दिवसभराच्या कामानं पिळून निघाले होते. दारात नुकतेच बसले होते. उठून दार लावावं, एवढंही त्राण नव्हतं. कावळे अंगणात आले. त्या गोंगाटाच्या मधोमध मामांना ऐकू आली... शिट्टी.

शिट्टी कसली, नुसती हवा. सूर लागतच नव्हता.

आतून मामींनी विचारलं, कोण आहे. मामांनी सांगितलं. मामी म्हणाल्या, "आत घ्या त्याला."

"आत?"

"थकलाय तो. तुमच्यापायी बाहेर त्याला कुणी बसू देणार नाही."

मामांनी खुर्ची उचलून आत ठेवली आणि दारातून बाजूला झाले.

कावळे एकदम गप्प झाले. सगळेच्या सगळे.

खुर्चीचा वेत करकरला... आणि खाली दबला.

मामांनी दार लावून घेतलं.

पुढे मामा निवृत्त झाले आणि आमच्या शहरात राहायला आले. ती खुर्ची त्यांनी मुद्दाम मागे ठेवली. परवा मी गेलो तेव्हा दिवस मावळत होता. गॅलरीच्या कठड्यावर कावळे ओळीनं बसले होते, मुकाट, आत बघत. हे इथले कावळे. यांनी तो कोट कधी पाहिलेला नाही.

खिडकीपाशी एक खुर्ची रिकामी होती. मी बसायला गेलो तर मामांनी दंड धरला. ते स्वतः भिंतीला टेकून उभेच होते. घरात खुर्च्या दोनच, आणि दुसरीवर मामी.

मी हळूच विचारलं, हा जाणार कधी?

"बाहेर कावळे आहेत," मामा म्हणाले. "जाईल कुठे?"

मी फार थांबलो नाही. पण तेव्हापासून संध्याकाळी रस्त्यात डोक्यावर एखादा कावळा ओरडला, की मी वर बघत नाही.

आधी शेजारी बघतो.