पिशवी ठेवायची जागा

जुन्या पेठा आता संपल्या, यापुढचं युग पार्किंगचं आहे, असं शिरूरच्या नव्या व्यापारी संकुलाच्या उद्घाटनात पाहुण्यांनी छातीठोकपणे सांगितलं आणि टाळ्या पडल्या. साल दोन हजार तीन. संकुल पुणे-नगर रस्त्याला, पार्किंग ऐसपैस. पुढच्याच आठवड्यात वॉचमननं त्यात मका वाळत घातला. सत्यजीतच्या गाळ्यासमोर तो विशेष चांगला वाळायचा, कारण तिथं कुणाचा पायच पडत नव्हता.

सत्यजीत बी.कॉम. होता, त्यामुळे दोर-सुतळीच्या पिढीजात धंद्याला लोकेशन लागतं हे त्याला कळत होतं. जुन्या पेठेतल्या दुकानाला काय होतं? दगडी ओटा, फळ्यांचं दार आणि आत भिंतीला ओळीनं ठोकलेल्या सागवानी खुंट्या. त्या खुंट्यांवर माल कधी टांगला नाही. शनिवारी बाजाराला आलेली माणसं तिथं पिशव्या ठेवून गावभर हिंडायची आणि परत न्यायला आली की जाता जाता एखादं दावं, एखादा कासरा घ्यायची. पिशव्या ठेवून घ्यायचे सत्यजीतचे वडील, आनंदराव. कुणाची पिशवी कोणती, हे त्यांच्या हाताला माहीत असायचं.

"आबा, आपण दुकानदार का हमाल?" सत्यजीत विचारायचा.

"पिशवी हितं हाय म्हंजी माणूस हितं येनार," आबा म्हणायचे. एवढंच त्यांचं मार्केटिंग.

माल हलवला त्या दिवशी आबा रिकाम्या दुकानाच्या ओट्यावर बसले आणि त्यांना उठता येईना. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून ते नव्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून रस्ता बघायचे. शनिवारी मात्र त्यांचा डावा हात सारखा वर जायचा, हवेत थांबायचा, खाली यायचा. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, व्यायाम होतोय.

दिवाळीपर्यंत धंदा लागला नाही तर गाळा सोडायचा, असं सवितानं ठरवलं होतं. नवऱ्याला नुसतं कळवलं होतं. म्हणून गिऱ्हाईक जातं कुठं, याचा छडा लावणं सत्यजीतला भाग होतं.

एका शनिवारी एसटीतून साखरबाई उतरल्या. घोडनदीकाठच्या खेड्यातली म्हातारी, पस्तीस वर्षांचं गिऱ्हाईक. सत्यजीतनं त्यांना रस्त्यातच गाठलं.

"मावशी, दुकान हिकडं आणलंय. चला की."

"येते की. आधी पिशवी ठिवून येते."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? आनंदरावांकडं."

"अहो, आबा इथं बसलेत!"

साखरबाईंनी गाळ्यात डोकावून खुर्चीकडं पाहिलं. ओळख नसलेल्या पाहुण्याकडं पाहावं तसं.

"व्हय का? बरं बरं," त्या म्हणाल्या आणि पेठेच्या दिशेनं निघून गेल्या.

सत्यजीतला सगळा प्रकार कळला. हा जयसिंगचा उद्योग. जयसिंगचं भांड्यांचं दुकान त्यांच्या जुन्या दुकानाला लागून, भिंत सामाईक. मागून भोक पाडून बेट्यानं आबांच्या नावावर गिऱ्हाईक धरलं असणार. जुन्या दुकानाच्या कुलपाची किल्ली एकच होती आणि ती सत्यजीतच्या करगोट्याला होती. किल्ली चाचपत तो पेठेत गेला आणि समोरच्या हॉटेलात चहा सांगून बसला.

पेठ नेहमीसारखीच होती. तळलेल्या भज्यांचा वास, कापडवाल्याच्या मोजायच्या गजाचा आवाज, कुणाची तरी शेळी. आपल्या बंद दारासमोरचा ओटा स्वच्छ झाडलेला पाहून सत्यजीतच्या कपाळावर आठी पडली. साखरबाई भाजी घेऊन आल्या. ओट्यापाशी थांबल्या. त्यांनी पिशवी पुढं केली, काहीतरी बोलल्या, हसल्याही. तेवढ्यात कांद्याचा टेम्पो आडवा आला. तो गेला तेव्हा साखरबाई मोकळ्या हातांनी पुढं चालल्या होत्या.

ओट्यावर पिशवी नव्हती. कुलूप जागच्या जागी होतं. जयसिंग आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला पातेलं वाजवून दाखवत होता.

"काय रे जयसिंग, कुणाला ठेवलंयस आत?"

"मी? लेका, तुमच्या घरचं मानूस तुम्ही ठिवलंय आन् मला इचारतोस? सकाळच्याला खाकरल्याचा आवाज येतो. म्हनलं, आबा बरे झाले वाटतं."

सत्यजीतनं कुलूप काढलं. फळी सरकवली.

आत तागाचा जुना वास होता. जमिनीवर सहा महिन्यांची धूळ, तिच्यावर एकही पाऊल नाही. जयसिंगकडची भिंत धड होती. त्यानं हात फिरवून पाहिला, कुठं भोक नव्हतं.

खुंट्यांवर पिशव्या होत्या. सगळ्या खुंट्यांवर.

एकीतून ओली कोथिंबीर बाहेर आली होती. तिचं पाणी धुळीत टपटपत होतं.

त्यानं कशालाच हात लावला नाही. फळी ओढली, कुलूप घातलं आणि वळला. मागं साखरबाई उभ्या होत्या. काखेत पिशवी, तिच्यातून कोथिंबीर ठिबकत होती.

"दिली का मावशी कुणी?"

"दिली की. तू का रं असा घामाघूम?"

पुढच्या शनिवारी सत्यजीतनं स्वतःची पिशवी नेली. रिकामी कशी ठेवायची, म्हणून नगरपालिकेच्या गटारकामावरची एक वीट तिच्यात टाकली. ओट्यासमोर उभा राहून त्यानं पिशवी पुढं केली. आपण हे काय करतोय, असं त्याच्या मनात आलं आणि तो क्षणभर जयसिंगच्या दुकानाकडं बघायला वळला.

हात हलका झाला.

तो धावतच नव्या गाळ्यात आला. आबा खुर्चीत होते. डावा हात वर गेलेला होता, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि थरथरत होता.

मग हात खाली आला.

"वीट कशापायी घातली रं? ती खुंटी ढिली हाय."

आतून सविता म्हणाली, "कोण आलंय हो?"

आबा रस्ता बघत होते. त्यानंतर ते कधी बोलले नाहीत.

दिवाळीला सत्यजीतनं गाळा सोडला आणि माल पुन्हा पेठेत आणला. दार उघडलं तेव्हा खुंट्या रिकाम्या होत्या. कोपऱ्यातली एक निखळली होती, तिच्याखाली पिशवी पडलेली आणि आत विटेचे दोन तुकडे. सुतारानं ती खुंटी पक्की करून दिली.

आबा आता घरीच असतात. शनिवारी सविता त्यांच्या खुर्चीजवळ बसून भाजी निवडते आणि त्यांच्या हाताकडं बघत नाही. पेठेत माणसं येतात, "राम राम आनंदराव" म्हणतात आणि सत्यजीतच्या खांद्यावरून पिशवी मागं देतात. तो मान न वळवता सुतळी मोजत राहतो.

धंदा पहिल्याइतकाच बेताचा चालतो. पार्किंगला जागा नाही.