पालवणकोटची नौबत

घाटमाथ्यावर अजून तांबडे फुटायचे होते. भोगेश्वरी नदीवरचे धुके पालवणकोटाच्या बुरुजांना बिलगून होते, आणि कोटाच्या पश्चिमेचे हिरवेगार रान माणकोजीरावाच्या माणसांनी पेटवून दिल्यापासून वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर तटापर्यंत राखेचा वास येत होता. तटावर शिबंदी जागी होती. आतल्या चौकात मात्र आसपासच्या वाड्यांतून आश्रयाला आलेली बायकापोरे, गुरांसाठी रचलेल्या कडब्याच्या आडोशाने, उघड्यावरच गाढ झोपली होती.

वाड्याच्या खिडकीशी सगुणाबाई नौबतीची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांचे यजमान रायाजीराव जाऊन महिनाही झाला नव्हता. मुलगा अजून धड बोलत नव्हता, आणि चुलत दीर माणकोजीराव जहागीर गिळायला टपून बसला होता. त्यांचा सगळा भरवसा धाकट्या भावावर होता. खेलोजीराव स्वारांसह पैलतीरावरच्या खिंडीत दडून होता. पहाटेची नौबत कानी पडली तर कोट आपल्याकडे आहे असे समजून त्याने नदी उतरावी. डोंगराच्या शिखरावर ऊन येईतो नौबत झडली नाही, तर कोट पडला असे समजून माणसे वाचवावीत आणि माघारी फिरावे, असा संकेत ठरला होता. तो कोटात तिघांनाच ठाऊक होता: बाईंना, नगारखान्यावरच्या सटवाजी गुरवाला आणि कारभारी गिरमाजीपंतांना.

धुके किंचित विरळ झाले आणि बाईंना चौक दिसला. चौकाच्या मधोमध, निजलेल्या बायकांच्या उशापायथ्याशी, एक प्रचंड गवा उभा राहून शांतपणे कडबा खात होता.

तेवढ्यात पंत आणि सटवाजी दाराशी आले. पंतांनी मुजरा केला आणि हलक्या आवाजात आपली मसलत मांडली. बंदुकीचा बार काढावा तर जखमी जनावर अधिकच पिसाळणार. नौबत झडली तर ते उधळून लेकरांचा चेंदामेंदा करणार. तेव्हा आजच्या दिवस नौबत राहू द्यावी. "राज्य आज आहे, उद्या नाही, बाईसाहेब. प्रजेचे प्राण मोठे," असे म्हणताना त्यांनी हात जोडले. बोलणे असे की ऐकणाऱ्याने पायच धरावेत.

 बाईंची नजर गव्याच्या पायांवर खिळली होती. एरवी गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे दिसणारे ते पाय पोटापर्यंत काळ्या गाळाने माखले होते, आणि शिंगाला हिरवे शेवाळ लोंबत होते. असा गाळ आणि असे शेवाळ कोटाभोवती एकाच ठिकाणी होते, पाणदरवाजाबाहेरच्या खंदकात. रान जळाले म्हणून जनावर कोटाकडे आले, हे खरे. पण बंद दरवाजातून गवा आत येत नाही.

"पंत, पाणदरवाजाची किल्ली कोणाजवळ असते?"

"सेवकाजवळच, बाईसाहेब." पंतांचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच घुटमळला.

कुंपणानेच शेत खाल्ले होते. माणकोजीरावासाठी उघडी ठेवलेली वाट आधी या मुक्या जनावराला सापडली होती. बाईंच्या मनात संताप उसळला, पण पंतांना धरायला माणसे बोलवावीत तर आरडाओरडा होणार आणि चौक जागा होणार. त्यांनी तो संताप गिळला. शिवाय जनावर आल्या वाटेनेच परतते, हे त्या माहेरी शिकाऱ्यांकडून लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. ती उघडी वाट आता त्यांनाच हवी होती.

त्यांनी ठरवले ते थोडक्यात सांगितले. पाणदरवाजाकडच्या गल्लीपर्यंतची वाट आवाज न करता मोकळी करायची, मगच नौबत झडायची. पुरुषाच्या हाताने जाग आली तर बायका किंचाळतील. बाईनेच उठवायला हवे, आणि जिच्या हाताचा आवाज होणार नाही अशा बाईने. वाड्यात बांगड्या नसलेले हात त्यांचेच होते.

पंत दचकले. "बाईसाहेबांनी कोपरा सोडू नये. डोळे उघडताच प्रजेला आपले मुख दिसावे, हे शुभ नव्हे."

"आमचे तोंड पाहून दिवस वाईट गेला, तर निदान तो दिवस उगवलेला तरी असेल, पंत," बाई म्हणाल्या. मग त्या सटवाजीकडे वळल्या. "आम्ही हात वर केला की नगाऱ्यावर टिपरू पडले पाहिजे. मग आम्ही कुठेही उभ्या असू."

 म्हाताऱ्या सटवाजीने मान खाली घातली आणि नगारखान्याचा जिना धरला. पंत "दरवाजा पाहून येतो" असे पुटपुटत अंधारात सटकले.

ज्या पायांना यजमान गेल्यापासून उंबरा ओलांडायची बंदी होती, ते पाय अनवाणी चौकात उतरले. बाई वाकायच्या, तोंडावर हात ठेवायच्या, डोळे उघडले की बोटाने आधी गवा दाखवायच्या आणि मग देवळाचा ओटा. त्या बायकांचे कौतुक करावे तेवढे थोडे. एकीनेही हूं की चूं केले नाही. पदराने बांगड्या आवळून, पोरे पोटाशी धरून त्या एकामागून एक सरकल्या.

गल्लीच्या तोंडाशी हौसा नावाची ओली बाळंतीण निजली होती. बाईंनी तिला उठवले आणि कुशीतले पोर जागे होऊन कुरकुरले. गव्याने मान वर केली. फुस्स करून त्याने श्वास सोडला, तो बाईंच्या पाठीला लागला. हौसाने पोराला पदराखाली घेतले, पण तिचे पाय जागचे हलेनात. वर शिखरावर ऊन आले होते. पैलतीरी खेलोजीराव याच घटकेला घोड्याचे तोंड फिरवत असेल.

बाईंना भीती वाटत होती. मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. त्या हौसाच्या आणि गव्याच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला मोकळा हात वर केला.

नौबत झडली. सारा चौक हादरला. गवा जागच्या जागी फिरला, दोन ढांगांत बाईंच्या अंगावरून जाईल असा आला आणि त्यांच्या खांद्याला ओझरता धक्का देऊन मोकळ्या गल्लीत घुसला. बाई कोलमडल्या. वर सटवाजी रडत होता, पण त्याचे हात थांबले नाहीत.

पाणदरवाजाबाहेर दबा धरून बसलेली माणकोजीरावाची माणसे पंतांची खूण मिळण्याची वाट पाहत होती. त्या दारातून उधळलेला गवा बाहेर आला, तेव्हा ती वाट फुटेल तिकडे पळाली. शिखरावर ऊन येईतो गल्लीत थांबलेले पंत त्यांना बोलवायला निघाले होते. ते अरुंद गल्लीत गवा आणि भिंत यांच्यामध्ये चिरडले गेले. किल्ली कुलुपातच होती. दिवस वर येईतो खेलोजीराव नदी उतरला, आणि माणकोजीरावाने आपला तळ उठवला. संध्याकाळी पंतांनी प्राण सोडला. त्यांचे क्रियाकर्म इतमामाने करावे, त्यांच्या मुलांना दोष लावू नये, अशी आज्ञा झाली.

आज्ञा देऊन बाई पुन्हा आपल्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. खांदा सुजला होता. दिवेलागणीला हौसा दाराशी आली. तिला कोणीतरी अडवले, पण तिने ऐकले नाही. आत येऊन तिने पोर बाईंच्या मांडीवर ठेवले.

"आज तुमचंच तोंड बघून उठलंय हे," ती म्हणाली. "लई वर्सं जगंल. उद्या सकाळी बी आणू का?"

यजमान गेल्यापासून सगुणाबाई कोणासमोर रडल्या नव्हत्या. त्यांनी पोराला छातीशी धरले आणि मान हलवून 'आण' म्हटले.